गादी बदलली, दंड राहिला

सिकंदराबादहून काझीपेटमार्गे बल्लारशाकडे जाणारी गाडी बेल्लमपल्लीला थांबते, तेव्हा डब्यातून उतरणारे बहुतेक लोक कोळशाशी नाते असलेले असतात. एक तर सिंगरेणीच्या खाणीत नोकरी केलेले, नाही तर तशा घरात जन्मलेले. कागदोपत्री हे गाव 2016 पासून मंचेरियाल जिल्ह्यात गेले आहे. पण जुनी माणसे अजून पत्ता सांगताना 'आदिलाबाद जिल्हा' म्हणूनच सांगतात. कारकुनीच्या, मास्तरकीच्या किंवा रेल्वेच्या निमित्ताने आलेली काही मराठी घरेही इथे आहेत. त्या घरांतील मुलामुलींना गाणे शिकवण्यासाठी गेली काही वर्षे मी दर शनिवारी ही गाडी धरतो.

वर्ग माझा नव्हे. तो मला मिळालेला आहे. माझ्या आधी एक गुरुजी तो चालवीत असत. त्यांनी मुलांकडून परीक्षेच्या फिया घेतल्या, पण त्या वेळेवर भरल्या नाहीत. हजेरीच्या कागदांतही काही गडबड केली. गुरुजी गाव सोडून गेले आणि मी आलो. मला येऊन दोन महिने होतात न होतात तोच परीक्षा घेणाऱ्या संस्थेचे पत्र आले : या वर्गाचे केंद्र दोन वर्षांसाठी रद्द करण्यात आले आहे.

पत्र माझ्या नावावर होते. चूक माझी नव्हती. पण ज्यांनी वर्षभर पहाटे उठून रियाज केला त्या मुलींची तर त्याहूनही नव्हती. मी पत्र वाचून दाखवले तेव्हा एका विद्यार्थिनीला घ्यायला आलेला तिचा भाऊ दारात उभा होता. पोरगा फुटबॉल खेळणारा, पायांत अजून मैदानाची माती. त्याने मला विचारले, "गुरुजी, चूक त्यांची, मग दंड हिला कसा?" मला उत्तर देता आले नाही. मग तोच म्हणाला, "हैदराबादच्या टीमचंही असंच झालं ना?"

त्या पोराने सहज उच्चारलेले नाव घेऊन मी त्या रात्रीच्या गाडीने परतलो, आणि पुढे कित्येक दिवस या एकाच प्रश्नाचा मागोवा घेत राहिलो. नवा गुरू, नवा प्रशिक्षक, नवा कारभारी गादीवर बसतो तेव्हा आधीच्या माणसाचा दंडही त्याच्या पदरी येतो काय? येत असेल तर तो न्याय की अन्याय?

आपल्या शहराला फुटबॉलचे वेड नवे नाही. काचीगुडा, चादरघाट या आपल्याच वस्त्यांतील शाळांतून शिकवणारे मास्तर सय्यद अब्दुल रहीम यांनी हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ घडवला. त्या संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स कप आणला. रहीमसाहेबांच्याच हाताखाली भारताने 1951 आणि 1962 साली आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवले आणि 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक पटकावला. 1963 साली ते गेले. त्यांच्यानंतर आलेल्यांच्या वाट्याला काय आले? 1964 च्या आशियाई चषकात भारत उपविजेता ठरला, 1970 च्या बँकॉक आशियाई खेळांत कांस्यपदक मिळाले, आणि त्या संघाचा कर्णधार आपल्या हैदराबादचाच सय्यद नईमुद्दीन होता. म्हणजे मागून येणाऱ्याला पुण्याईही वारशाने मिळते. झाड एकाने लावावे आणि सावलीत दुसऱ्याने बसावे, ही रीत जगाला मान्य आहे. सावली घेताना कोणी तक्रार करीत नाही. तक्रार सुरू होते ती बाकी चुकवायची वेळ आली की.

त्या पोराच्या मनात होता तो हैदराबाद एफसी हा संघ. हा संघच मुळी दुसऱ्याच्या जागेवर उभा राहिला होता. पुण्याचा एफसी पुणे सिटी हा संघ 2019 साली बंद पडला आणि त्याची इंडियन सुपर लीगमधील जागा हैदराबादला मिळाली. पहिल्या हंगामात संघ तळाशी राहिला. मग मानोलो मार्केझ नावाचे स्पॅनिश प्रशिक्षक आले. त्यांनी तरुण पोरांवर विश्वास टाकला आणि 20 मार्च 2022 रोजी गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून विजेतेपद मिळवून दिले. गच्चीबावलीच्या स्टेडियममध्ये ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना पोलीस संघाच्या जुन्या गोष्टी आठवल्या असतील.

परंतु बाहेर जयजयकार चालू असताना आतल्या वह्या भरत नव्हत्या. खेळाडूंची देणी थकली. 2023 साली मार्केझ गोव्याच्या संघाकडे गेले. थकलेल्या देण्यांवरून फिफा या जागतिक संघटनेने हैदराबादच्या क्लबवर नवे खेळाडू नोंदवण्याची बंदी घातली. त्या हंगामात संघाची सूत्रे थांगबोई सिंगतो यांच्या हाती आली. त्यांनी कोणाचा पगार थकवला नव्हता, कोणाच्या करारावर सही केली नव्हती. तरी जुने परदेशी खेळाडू निघून जात होते आणि नवे घेता येत नव्हते. कोवळ्या मुलांना घेऊन त्यांना मैदानात उतरावे लागले. 2023-24 च्या हंगामात 22 सामन्यांत एक विजय, 8 गुण आणि शेवटचा क्रमांक! पुढे 2024 साली क्लबची मालकी बदलली आणि 2025 साली संघ दिल्लीला नेण्यात आला. पुण्याहून आलेली गादी हैदराबादेतून दिल्लीला गेली. मागे रिकाम्या खुर्च्या राहिल्या.

फिफाचा नियम याबाबत रोखठोक आहे. देणे क्लबचे असते, प्रशिक्षकाचे नव्हे. म्हणून बंदीही क्लबवर पडते, मग क्लबच्या बाकावर कोणीही बसलेला असो. रक्कम चुकती होईपर्यंत, जास्तीत जास्त सलग तीन नोंदणी-कालखंडांपर्यंत, ही बंदी राहते. पळवाटही बुजवून ठेवली आहे. जुना क्लब मोडून नवे नाव घेतले तरी, रंग तोच, गाव तेच, खेळाडू आणि मालक तेच असतील तर त्याला जुन्याचा वारस समजून देणे वसूल करावे, असे 2019 च्या शिस्तसंहितेने ठरवले. आपल्याकडील सावकार याला म्हणत असत, पाटी बदलली म्हणून खातेवही बदलत नाही.

तिकडे अमेरिकेत हाच प्रश्न विद्यापीठांच्या मैदानावर गाजतो. तिथला फुटबॉल वेगळा. चेंडू लंबगोल, खेळ अधिक हातांचा. पण महाविद्यालयाच्या सामन्याला लाखभर माणूस जमते, आणि प्रशिक्षकाचा पगार पुष्कळदा कुलगुरूच्या कितीतरी पट असतो. या सगळ्यावर एनसीएए नावाच्या संघटनेचा अंमल चालतो. तिने दोन प्रकारचे दंड ठरवले आहेत. एक माणसाला चिकटतो. दोषी प्रशिक्षक पुढे कुठल्याही विद्यापीठात गेला तर त्या विद्यापीठाने 'याला मोकळे का सोडावे' याची कारणे दाखवावी लागतात. अन्यथा त्याच्यावरील बंधने पाळावी लागतात. दुसरा दंड संस्थेला चिकटतो, आणि तो नव्या माणसाला सोसावा लागतो.

दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे उदाहरण पाहा. 2004-05 च्या सुमारास तेथील एका नामांकित खेळाडूने नियमाबाहेरचे लाभ घेतले होते. त्याचा निकाल लागला 10 जून 2010 रोजी. तोपर्यंत प्रशिक्षक पीट कॅरल जानेवारीतच व्यावसायिक संघाकडे निघून गेले होते आणि लेन किफिन त्यांच्या जागी आले होते. दोन वर्षे हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यांना बंदी, तीन वर्षांत 30 शिष्यवृत्त्या कमी. हे सारे किफिन यांच्या ताटात पडले. कॅरल यांनी पुढे 2014 च्या फेब्रुवारीत आपल्या नव्या संघाला देशाचे सर्वांत मोठे विजेतेपद मिळवून दिले. ओहायो राज्य विद्यापीठात तर 2012 साली नवे प्रशिक्षक अर्बन मायर यांच्या संघाने बाराच्या बारा सामने जिंकले. पण आधीच्या कारकिर्दीतील चुकांपायी त्या वर्षी अखेरच्या सामन्यांची दारे त्यांना बंद होती. अपराजित राहूनही पोरे घरी बसली.

याहून काळी कथा पेन स्टेट विद्यापीठाची. तेथील एका माजी साहाय्यक प्रशिक्षकाने वर्षानुवर्षे लहान मुलांवर लैंगिक अत्याचार केले होते. 2012 च्या जूनमध्ये न्यायालयाने त्याला 45 आरोपांखाली दोषी ठरवले. जुने, देवासारखे पुजले गेलेले मुख्य प्रशिक्षक जो पॅटर्नो यांना त्याआधीच पद सोडावे लागले होते. बिल ओब्रायन यांनी जानेवारी 2012 मध्ये सूत्रे घेतली आणि जुलैमध्ये दंड जाहीर झाला : 6 कोटी डॉलर, चार वर्षे मानाच्या सामन्यांना बंदी, शिष्यवृत्त्यांत कपात. खेळाडूंना तत्काळ दुसऱ्या विद्यापीठात जाण्याची मोकळीक मिळाली. काही गेले, पुष्कळ राहिले. त्या वर्षी त्यांनी आठ सामने जिंकले, चार हरले. पुढे 2014 साली सामन्यांवरील बंदी मुदतीआधी उठली, परंतु तोवर ओब्रायन तेथून निघून गेले होते. ज्याने दंड भोगला त्याला सुटका पाहायला मिळाली नाही.

आता कोणी म्हणेल, हा परक्यांचा न्याय. आपल्या शास्त्रात काय आहे? शास्त्रात या प्रश्नाचा विचार फार बारकाईने झाला आहे, आणि गंमत अशी की तो आपल्याच मुलखात झाला. याज्ञवल्क्य स्मृतीवरची मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीत लिहिली. तेच आजचे बसवकल्याण, जे पूर्वी निजामाच्या राज्यात बीदर जिल्ह्यात होते. बापाचे ऋण मुलाने फेडावे, ही स्मृतीची आज्ञा. पण तिला अपवाद आहेत. दारू, जुगार आणि कामवासना यांपायी केलेले कर्ज मुलाने फेडू नये. आणि बापाला झालेल्या दंडाची उरलेली रक्कमही मुलाने देऊ नये! म्हणजे ऋण वारशाने येते, दंड येत नाही. ऋण हा व्यवहार आहे, दंड हे त्या माणसाच्या कर्माचे फळ आहे, आणि ते त्याच्याबरोबर संपते. 2005 च्या हिंदू वारसा दुरुस्ती कायद्याने तर ऋणाचे ते धार्मिक बंधनही पुढच्या कर्जांपुरते काढून टाकले.

हा भेद मला पुस्तकात कळण्याआधी घरात कळला होता. माझे वडील, नाना, दरबारी गवई. मी त्यांना उतारवयात झालो, त्यामुळे दरबार मी पाहिला नाही. पाहिली ती त्याची खुंटीवर टांगलेली शाल. आजोबाही त्याच दरबारात होते. एका दसऱ्याला ते परवानगी न घेता दुसऱ्या एका घरच्या जलशाला गेले. दरबारातील बैठक चुकली. सहा महिने अर्धा पगार कापण्याचा हुकूम झाला. दोन महिन्यांतच आजोबा वारले आणि कोवळ्या वयात नाना त्यांच्या जागी बसले. पहिल्या पगाराला कारकुनाने अर्धेच रुपये मोजून हातावर ठेवले. चार महिन्यांचा दंड बाकी होता.

घरी येणाऱ्या शास्त्रीबुवांनी नानांना वर सांगितलेला आधार काढून दाखवला. म्हणाले, "अर्ज करा. हा दंड तुम्हांला लागत नाही." नानांनी अर्ज केला नाही. त्यांचे म्हणणे एवढेच, "वडिलांची बैठक घेतली, त्यांचा तंबोरा घेतला, त्यांच्यामुळे मिळालेला मुजरा घेतला. पगार गादीचा घेतो, तर दंडही गादीचाच. आवडलं तेवढंच कसं घेऊ?"

ही गोष्ट ऐकताना लहानपणी माझी छाती भरून येत असे. नानांचा बाणा तो! पुष्कळ वर्षांनी, नाना गेल्यावर, माझ्या काकांनी त्याच गोष्टीचा दुसरा भाग मला सांगितला. त्या चार महिन्यांत घरात पैसा नव्हता. काकांची शाळेची फी भरता आली नाही. शाळा सुटली ती सुटलीच. काका हसत म्हणाले, "दंड दादानं स्वीकारला, भरला मी." त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता, म्हणून तर ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

वाचकहो, मला वाटते या प्रश्नाची गाठ इथे सुटते. आपण एकाच शब्दाखाली तीन निराळ्या गोष्टी बांधतो. पहिला दंड करणाऱ्याचा. तो त्याच्या मागे जावा, तो जिथे जाईल तिथे. गुरुजी गाव सोडून गेले म्हणजे सुटले, असे होऊ नये. अमेरिकेतील 'कारणे दाखवा'ची रीत याबाबत योग्यच आहे. दुसरा दंड गादीचा. संस्थेने चुकीचा फायदा घेतला असेल, पैसे मिळवले असतील, कप आणले असतील, तर तिने भरपाई द्यावी, आणि जो जाणूनबुजून त्या गादीवर बसतो त्याने कुरकुर करू नये. इथे नानांचे म्हणणे खरे. सिंगतो असोत, किफिन असोत वा ओब्रायन असोत, त्यांना पगार मिळतो, मान मिळतो, नको असेल तर निघून जाण्याची मुभा असते. त्यांची कीव करण्याचे फारसे कारण नाही.

तिसरा दंड मात्र अशांचा, ज्यांनी गादी घेतलीच नाही. अपराजित राहून घरी बसलेली पोरे, शाळा सुटलेले काका, परीक्षा हुकलेल्या बेल्लमपल्लीच्या मुली. 2022 च्या ऑगस्टमध्ये आपल्या फुटबॉल महासंघाच्या कारभारात बाहेरचा हस्तक्षेप झाला म्हणून फिफाने भारताला निलंबित केले. अकरा दिवसांत निलंबन उठले; परंतु त्या अकरा दिवसांत गोकुलम केरळच्या महिला ताश्कंदला पोहोचल्या होत्या. आशियाई क्लब स्पर्धेत त्या खेळू शकल्या नाहीत. कारभाराच्या भांडणाशी त्या मुलींचा काय संबंध? खेळाडूचे आयुष्य आठ-दहा वर्षांचे. त्यातील एक स्पर्धा गेली ती परत येत नाही.

समाधानाची गोष्ट ही की जगाला हे हळूहळू उमगते आहे. एनसीएएने 2022 च्या आपल्या नव्या घटनेत लिहून ठेवले की शक्य तितके करून निरपराध खेळाडूंना शिक्षा होऊ नये. 2023 च्या जुलैमध्ये टेनेसी विद्यापीठाचा निकाल लागला तेव्हा हे तत्त्व पाळले गेले. आधीच्या प्रशिक्षकावर सहा वर्षांचे 'कारणे दाखवा' बंधन आले. विद्यापीठाला 80 लाख डॉलरांहून अधिक दंड झाला आणि शिष्यवृत्त्याही कापल्या गेल्या. पण नव्या प्रशिक्षकाच्या हाताखालील मुलांना अखेरचे सामने खेळू दिले. तिजोरीतून घ्या, मैदानातून घेऊ नका, असा त्याचा अर्थ. उलट 1987 साली सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा सारा हंगामच रद्द केला गेला होता. त्या संघाला पुन्हा मानाचा सामना खेळायला 2009 साल उजाडावे लागले. त्यात ज्या पोरांची वर्षे गेली, त्यांतली बहुतेक मूळ गुन्हा घडला तेव्हा शाळेतही गेली नसतील.

गाणे शिकवणाऱ्याला हा वारसा रोज भेटतो. दुसऱ्याकडून आलेल्या मुलाचा कोमल निषाद चढा लागत असेल तर तो दोष त्याचा नसतो, माझाही नसतो; पण उतरवून जागेवर आणण्याचे काम माझे असते. ते करताना आधीच्या गुरूला नावे ठेवली की मुलाचा सूर तर सुधारत नाहीच, वर त्याची शिकण्यावरची श्रद्धा उडते. म्हणून वर्गात मी आधीच्या गुरुजींविषयी एक शब्द बोलत नाही. पण संस्थेला मात्र सविस्तर लिहिले. केंद्र बंद ठेवा, मला दोन वर्षे परीक्षक म्हणून बोलावू नका, थकलेल्या फिया मी हप्त्याने भरतो. मुलींना मात्र दुसऱ्या गावच्या केंद्रावर बसू द्या.

उत्तर यायला सात महिने लागले. परवानगी मिळाली. पुढच्या सत्रात वर्गातील पाच मुली गाडीने परीक्षेला गेल्या, आणि पाचही उत्तीर्ण झाल्या. वास्तविक सहा जायच्या होत्या. सहावी म्हणजे त्या फुटबॉलवाल्या पोराची बहीण. मधल्या काळात तिच्या वडिलांची खाणीतली नोकरी संपली आणि घर दुसऱ्या गावी गेले. तिथे गाण्याचा वर्ग नाही असे कळले.

तिची फी मी भरली आहे. पावती वहीत ठेवली आहे. भाऊ मला अधूनमधून फोन करतो, सामन्यांच्या गोष्टी सांगतो. त्याने दारात उभे राहून विचारलेला प्रश्न मात्र पुन्हा विचारलेला नाही. विचारला असता तर आता उत्तर देता आले असते : दंड हिला व्हायला नको होता, आणि झाला तेव्हा तो थांबवण्याचे काम माझे होते. ते मी सात महिने उशिरा केले.